कानमास्तर आणि जावयाचा टर्बो

गाडी घेऊन आलेल्या माणसाने तोंड उघडलेलं कानमास्तरांना खपत नसे. “काय दुखतंय ते गाडी सांगेल, तुम्ही गप्प बसा,” असं म्हणून ते गिऱ्हाइकाला भिंतीलगतच्या बाकाकडे पिटाळत. मग लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर उचलत, त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवत, मूठ उजव्या कानाशी घट्ट धरत आणि डोळे मिटून घेत. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून निकाल देत, आणि निकालासोबत एक अपमान फुकट. “दोन नंबरचं बेअरिंग गेलंय. तेल शेवटचं कधी बदललंत, लग्नात?”

निकाल बरोबर निघे, हीच तर पंचाईत होती. तीस वर्षं तो बरोबर निघत आला होता. दुभत्या गाईच्या लाथा गोड, म्हणून लोकांनी त्या लाथा खाल्ल्या. ‘कानमास्तर’ हे नाव आधी कुणीतरी चेष्टेने ठेवलं, मग लोक ते दबकून घेऊ लागले, आणि शेवटी मास्तरांनी स्वतःच ते पाटीवर रंगवून घेतलं. वर्कशॉपमध्ये मीटर नाही, स्क्रीन नाही, गाडीला जोडायच्या वायरी नाहीत. रस्त्यापलीकडे दोन भावांनी नवं गॅरेज काढलं होतं, तिथे हे सगळं होतं. “बहिऱ्यांची शाळा आहे ती,” मास्तर म्हणत. हे ते रोज एकदा तरी म्हणत, आणि समोरचा हसला नाही तर पुन्हा म्हणत.

गेल्या वर्षभरात मात्र त्यांनी दोन किटल्या बदलल्या होत्या.

घर वर्कशॉपच्या डोक्यावरच होतं, लोखंडी जिना चढून. दुपारच्या चहाचं पाणी मास्तर स्वतः ठेवत आणि शिट्टी वाजेपर्यंत वर्तमानपत्र चाळत. एके दिवशी बायको आतल्या खोलीतून धावत आली. “अहो, किटली कधीची बोंबलतेय! लक्ष कुठे आहे?” मास्तरांनी किटलीकडे पाहिलं. वाफ होती, शिट्टी नव्हती. “बिघडलीय,” ते म्हणाले, “हल्ली पत्राच भिकार वापरतात.” दुसरी आणली, तीही मुकी निघाली. तिसरी आणली, ती दुसरीची बहीण. बायको तिन्ही किटल्यांची शिट्टी ऐकून बाहेर येई आणि गॅस बंद करी. दोनदा तिने सरळ सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा “नाचता येईना अंगण वाकडं” एवढंच पुटपुटली आणि नाद सोडला.

मास्तरांचा कान गेला होता. सगळा नाही. जाड आवाज अजून नीट येत: बेअरिंगची घरघर, गिअरचं कण्हणं, गिऱ्हाइकाची रडकथा. वरचे बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते आणि जाताना त्यांनी मास्तरांची परवानगी काढली नव्हती. हे मास्तरांना कळलं नव्हतं का? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. त्या एका कानावर त्यांचं सगळं उभं होतं: धंदा, मान आणि मुख्य म्हणजे जगाला तुच्छ लेखण्याचा परवाना. तो परवाना हातचा गेला तर त्यांच्याकडे दुसरं होतंच काय? गोड बोलायला ते कधी शिकले नव्हते.

मध्यंतरी एक बेकरीवाली तिची पाव पोचवायची गाडी घेऊन आली होती. त्या गाडीला टर्बो होता, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं चाक. “मास्तर, चढावर शिट्टीसारखं काहीतरी वाजतं,” ती म्हणाली. मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “शिट्टी तुमच्या डोक्यात वाजतेय. जा, पाव विका.” तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात टर्बोचं चाक फुटलं, त्याचे तुकडे इंजिनात गेले आणि गाडी सात दिवस पावांसकट घरी बसली. बाई गाडी पुन्हा इकडे न आणता रस्त्यापलीकडे घेऊन गेली. मास्तरांनी जाहीर केलं की तेल भेसळीचं होतं, बाई निष्काळजी होती, आणि टर्बो हा मुळात हलकटांचा शोध आहे. पडले तरी नाक वर.

अशा या मुहूर्तावर जावई टर्बोची वही घेऊन आला.

जावई दात बनवी. स्वतःचे नव्हे, लोकांचे. त्याची एक खोली होती, तिथे प्लास्टरची धूळ, मेणाचा वास, एक छोटी निळी ज्योत आणि पिवळट-पांढऱ्या छटांच्या दातांची ताटली. कुठल्यातरी अनोळखी तोंडासाठी तो दिवसभर एकेक दाढ घासत बसे, केसाच्या जाडीइतकी. मास्तरांना हा उद्योग मनापासून हास्यास्पद वाटे. “हाताने काम करतो म्हणे, आणि नखं बघा, नवरीची,” असं ते बायकोला सांगत, तेही जावई जिना उतरायच्या आत. त्याला ते ‘जावईबापू’ म्हणत. त्या शब्दात जेवढा मान असतो तेवढा सगळा बाहेर काढून, रिकामं टरफल त्याच्यापुढे ठेवत.

मुलगी आणि जावई शहराबाहेरच्या टेकडीवर राहायला गेले होते. चढ लांब आणि खडा. गाडी जुनी, मास्तरांचीच, मुलीला दिलेली. दोन मुलं आणि आठवड्याचं सामान घालून वर जायचं म्हणजे ती दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत असे आणि मागे सायकलवाले घंट्या वाजवत. इंजिनाला जास्त हवा कोंबणारं यंत्र बसवलं तर काम भागणार होतं. प्रश्न एवढाच, की कोणतं?

“बाबा, मी थोडं वाचलंय,” जावई जेवणाच्या टेबलावर वही उघडत म्हणाला.

“वाचलंय,” मास्तर म्हणाले. पोराने अंथरूण ओलं केलंय हे लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

“टर्बो धुराच्या जोरावर फिरतो. तो धूर आपण तसाही फेकूनच देतो. म्हणजे इंजिनावर ओझं पडत नाही. जोर जरा उशिरा येतो, पण आम्हाला कुठे शर्यत लावायचीय?”

“उष्ट्यावर पोसलेला पैलवान आहे तो, जावईबापू. हाक मारली की आधी आळस देणार, मग उठणार, मग विचारणार काय काम आहे. सुपरचार्जर बघा. इंजिनालाच पट्टा लावायचा. इंजिन फिरलं की तो फिरला. पाय दाबला की जोर हजर.”

“पण तो पट्टा ओढायला इंजिनाचीच ताकद जाते ना? पेट्रोलही जास्त लागेल. आणि टर्बोचं एवढंच, की गाडी थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर चालू ठेवायचं, कारण...”

“मी तुमच्या खोलीत येऊन दाढ कशी बसवायची ते सांगतो का?”

“नाही,” जावई म्हणाला. “पण सांगितलंत तर ऐकेन.”

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. मास्तरांना तो नेभळटपणा वाटला. कोणी त्यांना सरळ उत्तर दिलं की त्यांना नेहमी तसंच वाटे.

मुलगी त्याच टेबलाशी बसली होती. ती तांत्रिक शाळेत लेथ शिकवायची आणि बापासारखीच कमी शब्दांत बोलायची, फक्त त्यात विष नसे. “बाबा,” ती म्हणाली, “त्या बेकरीच्या गाडीमुळे टर्बो नको म्हणताय का?”

“तेल भेसळीचं होतं!”

“बरं,” ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

खरं सांगायचं तर सुपरचार्जर काही वाईट निवड नव्हती. खड्या चढावर सुरुवातीपासून जोर हवा असतो आणि तो त्यात मिळतो. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं. किडकं होतं ते मास्तरांचं कारण. पट्ट्यावर फिरणाऱ्या त्या यंत्राची घरघर त्यांना ऐकू येई, आणि टर्बोची शिट्टी येत नसे. एवढंच. बाकी पैलवान, आळस, उष्टं, हे सगळं त्या भोकावर लावलेलं ठिगळ होतं.

मग काय, मास्तर म्हणतील तसं झालं. भंगार बाजारातून त्यांनी एक सुपरचार्जर शोधून आणला, तो पूर्ण खोलून धुतला, नवी बेअरिंगं घातली. इंजिनावर तो टेकवायला जो जाड पत्र्याचा आधार लागतो, तो त्यांनी स्वतः कापला, वाकवला, कानस लावून इतका चोख केला की पट्टा पुलीवर सुतासारखा सरळ बसला. हात अजून सोन्याचे होते, हे शत्रूनेही कबूल केलं असतं. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

राहिलं होतं शेवटचं काम, ठिणगीची वेळ लावण्याचं. इंजिनात पेट्रोलला ठिणगी जरा लवकर दिली की ताकद वाढते. फार लवकर दिली की पेट्रोल भलत्या वेळी भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घाव बसू लागतात. या घावांचा आवाज अगदी बारीक असतो, पत्र्यावर मूठभर मोहरी टाकल्यासारखा. मास्तर त्याला ‘दाणे’ म्हणत. त्यांची पद्धत सगळ्या गावाला माहीत होती: गाडी चढावर न्यायची, पाय पूर्ण दाबायचा, ऐकायचं. दाणे नाही पडले तर थांबून ठिणगीची वेळ ठरवणारी डबी केसभर पुढे, म्हणजे लवकरच्या बाजूला, फिरवायची आणि खाली येऊन पुन्हा चढायचं. ज्या फेरीला दाणे पडतील तिथून डबी दोन केस मागे घ्यायची. बस. इतर लोक यासाठी यंत्र लावत. यंत्र! आणि त्यात जोराने हवा कोंबणारं काही बसवलं असेल तर ठिणगी आधीच मागे घेऊन ठेवावी लागते, कारण दाणे लवकर पडतात. तेवढी मास्तरांनी घेतलीही होती. धंद्याची अक्कल शाबूत होती.

मुलगी सात वर्षांची असताना मास्तर तिला याच गाडीत, मागच्या सीटवर बसवून चढावर नेत. “दाणे पडले की बोलायचं नाही, बोट वर करायचं. बोललीस तर मला ऐकू येणार नाही.” ती आरशात दिसेल अशी बसे आणि बरोबर वेळेला कानाजवळ एक बोट वर करी. मास्तरांना ते आधीच ऐकू आलेलं असे. तरी ते आरशात बघून मान डोलवत. आयुष्यात त्यांनी कोणाला दिलेली शाबासकी म्हणाल तर तेवढीच.

त्या सकाळी मास्तर चालवायला बसले, जावई शेजारी, मुलगी मागे. मुलांना आजीकडे ठेवलं होतं. चढाच्या पायथ्याला मैलाचा दगड होता, तिथून मास्तरांनी पाय दाबला. गाडी अशी उसळली की जावयाने नकळत पुढच्या फळीला हात लावला.

“घाबरलात?” मास्तर खुशीत म्हणाले. “हा पट्ट्याचा जोर. तुमचा धुरकट पैलवान अजून अंथरुणात असता.”

सुपरचार्जर घरघरत होता, मास्तरांना तो छान ऐकू येत होता. दाणे नव्हते. वर थांबून त्यांनी डबी केसभर फिरवली. दुसरी फेरी. दाणे नव्हते. जावई मान तिरकी करून बसला होता.

“बाबा, काहीतरी तडतडतंय का? बारीक?”

“तुमचे खोटे दात वाजत असतील.”

“मी रोज बारीक ड्रिल चालवतो, म्हणून मला...”

“जावईबापू! गाडीत दोन माणसं ऐकत असली की तिसऱ्याने गप्प बसायचं असतं.” तिसरा कोण हे त्यांनी सांगितलं नाही. डबी आणखी केसभर फिरली.

तिसऱ्या फेरीला, निम्म्या चढावर, त्यांनी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर मुलगी ताठ बसली होती आणि तिच्या कानाजवळ एक बोट वर होतं.

हे बोट ओळखायला कान लागत नव्हता. मास्तरांनी ते ओळखलं. पाय उचलायचा आणि गाडी बाजूला घ्यायची, एवढंच काम होतं, पोरसुद्धा करेल असं. पण पाय उचलला की शेजारी बसलेला तो दातवाला जिंकणार होता. पाटी, स्क्रूड्रायव्हर, बहिऱ्यांची शाळा, सगळं त्या एका पायाखाली दाबून धरलेलं होतं. मास्तरांनी आरशावरून नजर काढली. चढ संपेपर्यंत पाय तसाच ठेवला, वर जाऊन थांबले, आणि तिसऱ्यांदा डबी फिरवली. ती मागे घ्यायची संधी हातात होती. त्यांनी पुढे फिरवली. अडाणी माणूस चुकतो ते कळत नाही म्हणून. हे शहाणे डोळे उघडे ठेवून चुकले.

चौथ्या फेरीला मैलाच्या दगडापासून शंभर पावलांवर इंजिनात एक ठोका पडला. तो जाड होता, त्यामुळे मास्तरांनाही ऐकू आला. मागे निळा धूर पसरला, गाडी दोनदा आचके देऊन थांबली.

एका ट्रकवाल्याने दोर बांधून गाडी खाली ओढली. मुलीने स्टिअरिंग धरलं, जावई ट्रकमध्ये बसला, आणि मास्तर पहिल्यांदाच स्वतःच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर बसले. रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधले दोघे भाऊ हातातली कामं सोडून बाहेर येऊन उभे राहिले. हसले मात्र नाहीत. हसले असते तर मास्तरांना शिवी तरी देता आली असती.

दुपारी इंजिन उघडलं. मास्तरांनी तिसरा पिस्टन बाहेर काढला आणि बाकावर ठेवला. त्याच्या डोक्याला हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं, आणि भोकाच्या कडेचं ॲल्युमिनियम कुरतडल्यासारखं झालं होतं. असा पिस्टन कोणी दुसऱ्याने आणला असता तर मास्तरांनी त्याच्या बापजाद्यांपर्यंत पोचून उद्धार केला असता.

जावयाने पिस्टन उचलला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. दाढ बघतात तसा चारी बाजूंनी बघितला. सगळं त्याच्या लक्षात आलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्याने तो अलगद परत ठेवला.

“पेट्रोल वाईट असेल, बाबा,” तो म्हणाला. “हल्ली कुठे काय मिसळतात, सांगता येत नाही.”

मास्तरांनी तीस वर्षांत कोणाला अशी पळवाट दिली नव्हती. ज्याला ते माणसात धरत नव्हते त्याने ती त्यांच्यासाठी उघडून धरली होती, दार धरावं तशी, आणि स्वतः बाजूला उभा राहिला होता. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. दया होती, आणि ती इतकी नीट बसवलेली होती की कुठे टोचत नव्हती. म्हणूनच ती मास्तरांना सोसवली नाही.

“पेट्रोल चांगलं होतं,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. “मी दुसऱ्या फेरीपासून बोट वर करत होते, बाबा. तीनदा केलं.”

मास्तर पिस्टनकडे बघत राहिले. तेल भेसळीचं, पत्रा भिकार, पोरीची जुनी सवय, सगळी उत्तरं त्यांच्या जिभेवर रांगेत उभी होती.

“दिसलं होतं,” ते म्हणाले. “तिसऱ्या फेरीला.”

मग हात न धुताच ते जिना चढून वर गेले. मागोमाग दोघंही गेली. बायकोने तिघांची तोंडं पाहिली आणि काही न विचारता नातवंडांना घेऊन आतल्या खोलीत गेली. मास्तरांनी तिसरी किटली गॅसवर ठेवली आणि टेबलाशी येऊन बसले. वर्तमानपत्र समोर होतं, त्यांनी उघडलं नाही. किटलीच्या तोंडातून वाफ येऊ लागली. खोली गप्प होती, निदान मास्तरांना तरी. आतून बायको आली नाही. जावई स्वतःच्या स्वच्छ नखांकडे बघत होता.

टेबलापलीकडे मुलीने कानाजवळ एक बोट वर केलं.

मास्तर उठले आणि गॅस बंद केला. चार कप काढले, चहा केला, आणि पहिला कप जावयापुढे ठेवला. खुर्ची ओढून ते जावयाच्या जवळ बसले, उजवा कान त्याच्याकडे करून.

“टर्बो असला की गाडी थांबल्यावर मिनिटभर इंजिन का चालू ठेवायचं, ते तुम्ही सांगत होतात,” ते म्हणाले. “सांगा. जरा मोठ्याने सांगा.”